परातेकाकांचा पहारा

परातेकाकांच्या घरी जायचं तर आधी फाटकाशी उभं राहून मोठा श्वास घ्यावा लागे आणि तो सावकाश सोडून दाखवावा लागे. काका फाटकाच्या आत लोखंडी खुर्ची टाकून बसलेले असत. मान तिरपी करून, डोळे मिटून ते तो श्वास ऐकत. ऐकून झालं की निकाल. "घरघर हाय. जा बाप्पा, चार-आठ रोजानं या." नाहीतर, "साफ हाय. पन हात धुवून या." हात धुवायचा नळ फाटकालगतच होता आणि साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून तोटीला टांगलेली असे.

कोराडीच्या वीज केंद्रात काकांची सगळी नोकरी पंपांच्या सोबतीत गेली. चालत्या पंपाला लांब पेचकसाचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतलं बेअरिंग कुरकुरतं का ते ऐकायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर तेच कसब त्यांनी माणसांवर चालवलं आणि त्यात ते पुष्कळदा चुकले. तंबाखूनं घसा बसलेल्या आमच्या पेपरवाल्याला त्यांनी हिवाळाभर फाटकाबाहेर ठेवलं. उलट, खणखणीत श्वासाच्या एका पाहुण्याला मानानं आत सोडलं, तर तो सोफ्यावर टेकल्याबरोबर शिंकला. पाहुणा गेला आणि काकांनी एकट्यानं तो सोफा ओढत उन्हात नेला. दोन दिवस सोफा अंगणातच होता.

मी त्यांच्या भिंतीला लागून राहते. मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे संशयितांच्या यादीत माझं नाव कायम वर. "मास्तरीन बाई, तुमची शाळा म्हंजे सर्दीचं गोडाऊन हाय. तुमी रोज तिथून माल घेऊन येता," असं ते मला तोंडावर सांगत. मला राग येई. इतक्या वर्षांच्या शेजारणीला कुणी असं रस्त्यावर उभं करतं का? मी घरी येऊन भांडी आपटत असे.

राग यायचं खरं कारण म्हणजे हा माणूस मुळात असा नव्हताच. उमरेड रोडवरच्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे या वसाहतीत, परात्यांचं फाटक हे एकच फाटक, ज्याला कडी आहे हे कुणाला माहीत नव्हतं. दारावरून सरळ निघून जाणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. "काहून गा, आमचं घर दिसलं नाई काय?" अशी हाक आली की माणसानं सायकल लावायची आणि निमूट चहा प्यायचा. गॅस सिलिंडरवाला, विम्याचा एजंट, चुकलेला कुरिअरवाला, सगळ्यांना चहा. कोरोनात सगळ्यांनी दारं लावून घेतली होती, तेव्हाही काका फाटकाच्या खांबावर चहाची किटली ठेवून लांब उभे राहायचे. त्यांचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. वडिलांनंतर माग बंद पडला आणि काका पंपांकडे गेले. ती लोखंडी खुर्ची मात्र त्यांनी स्वतः विणली होती, लाल-पांढऱ्या नवारीत करवती काठाचे दाते उठवून. "हात कोष्ट्याचे हायेत बाप्पा, पंपानं नाई बिघडले," ते खुर्ची दाखवून म्हणायचे.

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, हसरी आणि जिभेनं तिखट. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या मानेला गाठ आली. तपासण्या झाल्या, गाठींचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई तरुण आणि मोकळ्या बोलणाऱ्या होत्या. या कॅन्सरला औषध आहे, किमो वेळच्या वेळी पुरी झाली तर काकू बऱ्या होऊ शकतात, असं त्यांनी सांगितलं. काकांनी त्यातलं 'बऱ्या होऊ शकतात' एवढं उचललं आणि ले-आउटभर सांगितलं. पहिल्या किमोनंतर गाठ विरघळायला लागली. काकूंचे केस गेले. त्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं वं, तेलाचा खर्च वाचला."

दुसरी किमो झाली आणि त्याच आठवड्यात दसरा आला. नागपुरात दसऱ्याच्या संध्याकाळी काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. सोनं म्हणून आपट्याची पानं घेऊन सगळा मोहल्ला घरोघर फिरतो, थोरांच्या हातावर पान ठेवतो, पाया पडतो, गळाभेट होते. ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही त्याच्याही दारी जायचं असतं. गर्दीत बसू नका असं डॉक्टरांनी काकूंना बजावलं होतं. मौद्याला दिलेली त्यांची मुलगी वंदना तेव्हा मदतीला येऊन राहिली होती. तिनं दार लोटून घ्यायचं सुचवलं. काका तिच्यावर उखडले.

"सोनं घेऊन आलेल्या मानसाले दारातून वापस पाठवाचं? परात्याच्या दारातून? त्यापरीस मले इथून उचलून न्या."

त्या संध्याकाळी सगळं ले-आउट त्या घरात येऊन गेलं. आजारी बाई आहे म्हणून तर नेहमीपेक्षा जास्तच लोक आले. काकू स्कार्फ बांधून पलंगावर बसल्या होत्या आणि जो तो त्यांच्या अगदी जवळ जाऊन, हात हातात घेऊन बोलत होता. मायाच होती ती, दुसरं काही नाही. आश्विनात हवा पालटते, घरोघरी एखादं तरी नाक वाहत असतं, त्याचं कुणाला काय वाटणार? काका दारात उभे राहून "या न बाप्पा, या न" करत होते आणि त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

दोनतीन दिवसांनी काकूंना कणकण आली. दुपारी ताप चढला आणि संध्याकाळपर्यंत त्यांना एक वाक्य एका दमात बोलता येईना. दवाखान्यात नेलं तेव्हा फ्लू छातीत उतरला होता. ले-आउटमध्ये तोच ताप आणखी पाचसहा घरांत येऊन गेला. कुणी काढा घेतला, कुणी एक सुट्टी टाकली आणि विसरून गेलं. काकू मात्र दिवाळीपर्यंत ऑक्सिजनवर होत्या.

डॉक्टरीणबाईंनी काकांना समजावलं तेव्हा मी तिथेच उभी होते. "काका, किमोचं औषध गाठी मारतं, तसंच रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारतं. त्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. तुमच्या-माझ्या अंगात ते आहेत म्हणून आपल्याला नुसती सर्दी होते. काकूंच्या दारावर सध्या कुणी नाही, त्यामुळे तोच विषाणू सरळ फुप्फुसापर्यंत जातो. आणि छाती साफ होईपर्यंत मला पुढची किमो देता येणार नाही." मग म्हणाल्या, "तेवढ्या दिवसांत गाठ पुन्हा वाढू शकते."

गाठ वाढलीच. काकू घरी आल्या तेव्हा मानेवर ती पुन्हा हाताला लागत होती. किमो नव्यानं मांडावी लागली आणि आता मध्ये खंड पडला तर आपल्या हातात फार काही उरणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. ताप कुणी आणला ते कधीच कळलं नाही. काकांनी ते शोधलंही नाही. मी एकदा कुणाचं तरी नाव घेतलं, तर म्हणाले, "कोनाचं नाव नका घेऊ बाई. दार तर म्या उघडलं न."

काकू घरी आल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी खुर्ची फाटकात आणून टाकली. "दारावर कोनी नाई म्हने डॉक्टरीन. मंग मी बसतो न."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला समजत होतं. पण काका पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. लोक संत्र्यांच्या पिशव्या घेऊन यायचे, त्या फाटकाच्या भाल्यांना अडकवायच्या. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी असं डॉक्टरांनी सांगितलं, तर काकांनी 'घरातल्या'मध्ये मलाही धरलं. "सुई टोचून या, मंग चहा भेटन," म्हणाले. मी टोचून आले. चहा मिळाला, पण फाटकाबाहेर. वंदना बाजारातून आली की अंघोळ केल्याशिवाय आईच्या खोलीत जायची नाही. लोक चिडले. कोरोना संपून इतके दिवस झाले, आता कसलं हे सोवळं, परात्याचं डोकं फिरलं, असं चौकातल्या पानठेल्यावर उघड बोललं जाई. ते काकांच्या कानावरही जाई. "बोलू द्या. बोलल्यानं गाठ वाढत नाई," एवढंच ते म्हणत.

सगळ्यात मोठा राडा झाला तो उमरेडहून त्यांची बहीण आली तेव्हा. अनसूयाआत्या सत्तरीच्या पुढच्या. भावजयीला बघायला एकट्या एसटीनं आल्या, सोबत जवसाच्या चटणीचा डबा. बसच्या खिडकीतला वारा लागून नाक वाहत होतं. काकांनी खुर्चीवरून उठून फाटक धरलं.

"अनसू, तुले सर्दी हाय. अंदर नको येऊ."

आत्यांना आधी थट्टाच वाटली. मग त्यांचा चेहरा बदलला. "दामू, मी पावनी हाय काय गा? माहेरी आली मी. मले दारात बसवतं तू?"

"बसवतो," काका म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची उचलून फाटकाबाहेर ठेवली, बहिणीला तिच्यावर बसवलं, चहा दिला आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. आत्यांनी चहाला हात लावला नाही. डबा खुर्चीवर ठेवला आणि डोळे पुसत बस स्टॉपकडे निघाल्या. "मेली तरी नाई येत आता," असं वळून म्हणाल्या. काका त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले. मग डबा पुसून आत पाठवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं वंदना सांगत होती.

काकू खिडकीशी बसून हे सगळं बघायच्या. कधी कधी त्यांनाही असह्य व्हायचं. "कॅन्सरनं नाई मरत वं मी, या मानसाच्या पहाऱ्यानं मरतो," त्या मला खिडकीतून ओरडून सांगायच्या. काका फाटकातून ओरडायचे, "किमो पुरी कर आनि मंग मर." असं त्यांचं चाललेलं असे. किमो मात्र एकही चुकली नाही. रक्त तपासायला जायचं, पेशी मोजायच्या, सलाईन लावायचं, परत यायचं. गाठ पुन्हा विरघळू लागली. संक्रांत जवळ आली तेव्हा शेवटच्या दोनच किमो राहिल्या होत्या.

आणि एका सकाळी माझ्या फाटकाशी काका उभे. काखेत वळकटी, तोंडावर मास्क, हातात तांब्या. फाटकापासून चांगले लांब उभे राहून त्यांनी विचारलं, "मास्तरीन बाई, तुमची वरची खोली खाली हाय न?"

"आहे. का?"

"सकाळी म्या सोताच खोकललो. मंग काय, सोताले बाहेर काढलं."

मला हसू आलं. ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, हे नंतर कळलं. खोलीला बाहेरून जिना होता, त्यामुळे त्यांना माझ्या घरातून जावं लागलं नाही. जेवणाचं ताट मी वरच्या पायरीवर ठेवायची. खोलीसमोरच्या गॅलरीतून त्यांचं अंगण दिसे. दुपारी काकू उन्हात येऊन बसायच्या, काका गॅलरीत यायचे आणि माझ्या भिंतीवरून त्यांचा संसार सुरू व्हायचा.

"जेवले का तुमी?"

"जेवलो. तू गोळी घेतली का?"

"घेतली. तुमचा खोकला इथपर्यंत ऐकू येऊन राहिला."

"माहा कुठचा? तो बाईचा हाय. शाळेतून आनते ते."

मी खाली स्वयंपाकघरात हे ऐकत होते. मला काहीही झालेलं नव्हतं.

काकांनी लस घेतली होती, पण लसीनं सगळंच टळत नाही. शिवाय कोराडीच्या राखेत निम्मं आयुष्य काढलेली त्यांची छाती. चौथ्या-पाचव्या दिवशी जिना चढून मी ताट ठेवलं, तर आतून श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता. दुसऱ्यांच्या श्वासात ते जी घरघर शोधत तीच. मी मास्क लावून आत गेले. ते बसूनच होते. आडवं झालं की गुदमरत होतं. "कालपासून हाय," म्हणाले, "पन सुमनची किमो परवा. घरात गोंधळ नको म्हनून बोललो नाई." असा राग आला मला त्यांचा, आणि असं रडूही आलं.

वंदनाचा नवरा मौद्याहून गाडी घेऊन आला. काकांना धरून जिन्यावरून उतरवलं. तेवढ्यात काकू अंगणात आल्या आणि सरळ फाटकाकडे निघाल्या. काकांनी हात वर केला. बोलायला दम नव्हता, नुसता तळहात दाखवला. काकू खुर्चीपाशी थांबल्या. गाडी वळेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत होते.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. फ्लूच होता, न्यूमोनिया झाला होता. ठरल्या दिवशी काकूंची किमो झाली, दुसऱ्या दवाखान्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यानंतर काकांचं आणखी बिघडलं. काकूंना भेटायला आणायचं का, असं वंदनानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. आत्ताच किमो झाली आहे, धोका आहे, पण नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही, असं त्या म्हणाल्या. वंदनानं मग वडिलांनाच विचारलं. त्यांनी मास्क बाजूला सारला.

"आनू नका तिले. इथं सारे खोकलून राहिले."

"बाबा, आईले यायचं हाय."

"अनसूले म्या वापस पाठवलं. आता सोतासाठी दार उघडू काय?"

मग वंदनानं फोनवर व्हिडिओ लावून दिला. काकूंनी काय म्हटलं ते मी ऐकलं नाही, मी बाहेर गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेले.

त्यांना घरी आणलं तेव्हा सगळं ले-आउट जमलं होतं. पानठेल्यावर बोलणारेही होते, आजारानंतर पहिल्यांदाच एवढी माणसं त्या घराशी आली होती. मला एकच धास्ती होती. आपल्याकडे अशा वेळी बाया धावत जातात, नवरा गेलेल्या बाईच्या गळ्यात पडतात आणि मिठी सोडत नाहीत. काकू आतल्या दारात मास्क लावून उभ्या होत्या, किमोला आठवडाही झाला नव्हता, आणि फाटक सताड उघडं होतं. खुर्ची रिकामी होती. अडवणार कोण?

कुणी आत गेलं नाही. लोक फाटकापर्यंत येत होते, हात जोडत होते आणि मागे सरत होते. पुष्कळांनी मास्क लावले होते. तो पेपरवाला तर रस्त्याच्या पलीकडेच उभा होता. मग उमरेडची गाडी आली आणि अनसूयाआत्या उतरल्या. त्या रडत, अडखळत सरळ फाटकाकडे निघाल्या. वंदना त्यांना अडवायला पुढे झाली. आत्या फाटकात आल्या, खुर्ची पाहिली आणि थांबल्या. पदर नाकाला लावून त्यांनी आत हाक दिली.

"वयनी! मले पडसं हाय वं. मी अंदर नाई येत."

आणि त्या फाटकाबाहेर, रस्त्यावरच मांडी घालून बसल्या. हात आत घालून त्यांनी खुर्चीची नवार मुठीत धरली आणि तिथूनच भावासाठी रडल्या. काकू दारातून रडत होत्या. दोघींच्या मध्ये अंगण होतं आणि अंगणात काका. माझा घसा सकाळपासून खवखवत होता. काकूंना जवळ घ्यावं असं मला त्या दिवशी जितकं वाटलं तितकं आयुष्यात कधी वाटलं नसेल. मी आत्यांशेजारी जाऊन बसले.

काकूंची शेवटची किमोही वेळेवर झाली. गाठ आता दिसत नाही. तपासणीला जावं लागतं, अंगात ताकद हळूहळू येते आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी अजून सांभाळायला सांगितलंय. यंदाच्या दसऱ्याला त्यांनी दारात बसून सोनं घेतलं, मास्क लावून, एकेकाकडून. अनसूयाआत्या सकाळीच उमरेडहून आल्या होत्या आणि आत चूल सांभाळत होत्या.

खुर्ची अजून फाटकातच आहे. ती तिथून हलवावी असं कुणाच्या मनात आलेलं नाही. मी पान घेऊन गेले तेव्हा माझ्यापुढे तिघं-चौघं उभे होते. पहिला खुर्चीसमोर थांबला, त्यानं मोठा श्वास घेतला, सावकाश सोडला आणि नळाकडे वळला. दुसऱ्यानं तेच केलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी पाळी आली. मीही श्वास घेतला, सोडला आणि सवयीनं निकालाची वाट बघत उभी राहिले. डोळे भरून आल्यामुळे मला पुढचं दिसेना.

"आयकलं त्यायनं," काकू दारातून म्हणाल्या. "साफ हाय. या न बाई आता."